उगवणशक्ती

एकतीस वर्षं मी बियाणं तपासलं.
ओल्या कागदावर शंभराच्या चार रांगा,
सातव्या दिवशी चिमट्यानं उचलून सांगायचं:
हे धड, हे वाकडं, हे मेलेलं.
टक्केवारी लिहायची, सही ठोकायची.
गोण्या पास व्हायच्या, नाहीतर परत जायच्या.

आता धंतोलीतल्या डॉक्टर बोंडेंनी
माझ्यात बिया पेरल्या. ब्याऐंशी.
आडनाव ऐकून मी हसलो होतो,
त्यांना कापसातलं काही कळत नव्हतं.
तांदळाच्या कणीएवढी एकेक,
टायटॅनियमचं साल, आत आयोडीन,
प्रोस्टेटमध्ये सुईनं, ओळीनं, अंतर राखून.
मी विचारलं, उगवण किती टक्के?
म्हणाले, काका, तिथं काही उगवू नये
म्हणूनच तर.

साठ दिवसांत जोर निम्मा.
आणखी साठांत त्याच्या निम्मा.
साफ शून्य कधीच नाही.

नात दारातून बोलते.
दोन महिने मांडीवर घ्यायचं नाही.
तिनं खडूनं फरशीवर रेघ मारलीय
आणि पलीकडून मला
शाळेतल्या बाईंसारखी दटावते:
आबा, पाय आत!

लघवी गाळणीतून.
परवा सकाळी गाळणीत एक सापडली.
हात थरथरला नाही.
चिमटा, शिशाची डबी, झाकण.
सवयीनं डायरीत तारीख टाकली.
शेरा काय लिहावा, सुचलं नाही.

झोपायला मागची खोली, कूलरशिवाय,
सेहेचाळीस डिग्रीच्या मे महिन्यात.
किरणं असतात, वेणूला सांगितलं.
खरं कारण दुसरं होतं.
डॉक्टरांनी ते दबक्या आवाजात सांगितलं होतं,
मी तेवढ्याही आवाजात
घरी बोललो नव्हतो.

आठव्या रात्री तिनं चष्मा लावून
दवाखान्याचा कागद काढला.
बोट ठेवत, ओळ न् ओळ.
"यात लेकरं लिहेल आहेत,
पोटुश्या बाया लिहेल आहेत.
मी काय पोटुशी आहो का?"

मग कूलर ढकलत आणला,
एक चाक मोडकं, अख्खं घर करकरलं,
टाकीतलं पाणी हिंदकळून
खडूच्या रेघेवर सांडलं.
सकाळी पोट्टी नवी मारेल.

वाळ्याच्या ओल्या वासात
ती शेजारी लवंडली, पाठ माझ्याकडे,
जशी चाळीस वर्षं.
मी छताकडे बघत
ब्याऐंशीतून एक वजा करत होतो,
पुन्हा पुन्हा, उत्तर तेच येत असूनही.

"झोपा आता," ती म्हणाली.
"सकाळी मोजजा."