मानेपाशी पितळ

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
जिथे टॉवेलचे आठ माग चालायचे
तिथे आता यादगिरी गज्जमची भट्टी आहे.
फरशीतून मागांचे बोल्ट अजून डोकं काढून आहेत,
नवा माणूस ठेचकाळतो.
मीही ठेचकाळलो,
दाजींच्या येझदीची फ्रेम खांद्यावर घेऊन.

फ्रेम एकटी हलकी असते.
इंजिन, टाकी, चाकं, वायरींचं जंजाळ निघाल्यावर
एवढंच उरतं हे मला माहीत नव्हतं:
सुतळ्या काढलेल्या बाजेसारखं काहीतरी.

ब्लास्टिंगच्या खोलीतून ती तासाभराने आली
राखेच्या रंगाची.
वरचा काळा माझा होता, ब्रशने मारलेला, ओघळांसकट.
मधला हिरवा कुणाचा, आठवत नाही.
तळाचा मरून कंपनीचा.
तिन्ही वाळूत मिसळून कोपऱ्यात पडले होते.
"हे बघा सर," गज्जम म्हणाला,
आणि हँडलची नळी बसते तिथे, मानेपाशी,
बोट न टेकवता दाखवलं:
करंगळीएवढी पिवळी रेघ.
"क्रॅक गेलेलं हाय. कुणीतर पितळ भरलंय.
पण काम बेस केलंय. जुना कारागीर."

अकरावीत होतो.
दाजी दुपारचे झोपलेले, किल्ली खिडकीत.
बोरामणीच्या अलीकडे मोरीचा कठडा
अचानक फार जवळ आला.
संध्याकाळी गाडी धुतली, पुसली, आरसा सरळ केला.
कोपराला काय झालं, ताईने विचारलं.
कबड्डी.

पुढच्या आठवड्यात चार दिवस गाडी दारात नव्हती.
दाजी टॉवेलच्या सॅम्पलची पिशवी खांद्याला लावून
कन्ना चौकापर्यंत चालत जायचे.
"सर्व्हिसिंगला दिलीय," म्हणाले.
मी विश्वास ठेवला.
ठेवणं सोयीचं होतं,
तेहतीस वर्षं सोयीचं होतं.

"लांबी भरून सपाट करता येईल?"
"लांबी भट्टीत टिकत न्हाई ओ. दोनशे डिग्रीला फुगतंय, उडतंय.
पावडरखाली जे हाय ते हाय."
त्याने बेअरिंगच्या वाट्यांना रबरी बुचं बसवली,
चेसिस नंबरवर टेप चिकटवली,
"नंबर बुजला तर आरटीओ पासिंग करत न्हाई,"
आणि शेडकार्ड माझ्यापुढे धरलं.
त्यात मरून सात होते.

लातूरला फोन लावला.
दाजींना आता ऐकू कमी येतं, मी ओरडून विचारलं,
मरून करू की काळाच?
"मरून," ते म्हणाले. मग थोडं थांबून,
"मानेपाशी सांभाळून घे म्हणावं त्याला.
तिथं पितळ आहे."
मी हो म्हणालो.
पाठीमागे कॉम्प्रेसर भरत होता.
"ऊन किती आहे तिकडं?"
त्रेचाळीस.
"मग टोपी घाल की."

गज्जमने फ्रेम आकड्याला टांगली, अर्थिंगची क्लिप लावली.
बंदुकीतून पावडर निघाली, ज्वारीच्या पिठाएवढी बारीक,
आणि लोखंडाने तिला ओढून घेतलं,
समोरून तर घेतलंच,
पाठीमागून, जिथे बंदूक पोचत नाही, तिथूनसुद्धा.
"आता फुंकर मारली तर जाईल," तो म्हणाला.
"भाजल्यावर पहारीनं निघायची न्हाई."
मी श्वास धरून उभा राहिलो, उगाच.

मग भट्टीचं दार, गॅसचा भपकारा.
बाहेर लिंबाखाली वीस मिनिटं,
आतल्यापेक्षा बाहेरचं ऊन फार कमी नव्हतं.
वर्गात कडकपणासाठी माझं नाव आहे.
आठवीची पोरं काच फोडून गप्प बसतात
तेव्हा मी सगळ्यांना उभं करतो, कबूल होईपर्यंत.

फ्रेम बाहेर आली, मरून, ओली वाटावी अशी.
आकडा होता तिथे रंग धरला नव्हता,
रुपयापेक्षा लहान जागा, ती त्याने ब्रशने भरली.
मानेपाशी उजेड तिरपा पडला की
रेघ उठून दिसत होती.

पाचला निवली. बिल दिलं, चारशे कमी केले त्याने.
खांद्यावर घेऊन निघालो
आणि त्याच बोल्टला परत ठेचकाळलो.
अंगठा फुटला.
फ्रेम सोडली नाही.