तेरा परत आले

लाडक्या वरठा आमच्या शॉपमध्ये हेल्पर होता,
वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
दसऱ्याच्या आसपास त्याचे खाडे सुरू व्हायचे:
वर येऊरला भात पोटरीतून बाहेर यायचं
आणि रात्री डुकरं उतरायची.

एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या लेथपाशी येऊन उभा राहिला.
"टर्नर, अर्ध्या इंची सळईचे चौदा तुकडे काढून दे.
वीतभर लांब. एका टोकाला डोकं."
कशाला?
"झाडावर चढाया."

मालक नाशिकला गेलेला. सेकंड शिफ्टला काढून दिले.
पाय सरकू नये म्हणून प्रत्येकाच्या डोक्याजवळ
दोन बोटं नर्लिंग केलं.
ते त्याने मागितलं नव्हतं.
चौदा वेळा तो आवाज,
झोपेत कुणी दात खातं तसा.

शनिवारी मीही गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं.
पाटोणपाड्याच्या वर, ओढा ओलांडून एक ऐन,
साल सुसरीच्या पाठीची,
पहिली फांदी तीन पुरुष उंच.
लाडक्याने गिरमिट टेकवलं.
"सरळ नाय मारायचं. जरा खाली उतरतं मारायचं.
मंग डोकं वर राहतं,
पाय झाडाकडं येतो, बाहेर जात नाय."
माझ्या खिशात मायक्रोमीटर होता.
हा कोन मला कुणी शिकवला नव्हता.

तिसऱ्या भोकातून पाणी आलं.
भुश्शाबरोबर, धार धरून,
त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत.
मी घाबरलो. त्याने ओंजळ लावली,
प्यायला, मला दिलं.
तुरट. थंड.
"ऐनाच्या पोटात असतंच," म्हणाला
आणि त्याच भोकात बोल्ट ठोकला.

एकावर उभं राहायचं, पुढच्याचं भोक पाडायचं.
असे वर गेलो.
माचाणावरून खाली ठाण्याचे दिवे,
अकराला आमच्याच कंपनीचा भोंगा ऐकू आला.
थर्ड शिफ्ट आत गेली असेल,
माझ्या मशीनवर कदमचा मुलगा.
मला उगाच हजेरी चुकल्यासारखं वाटलं.

दोनच्या सुमाराला डुक्कर आलं.
ठासणीच्या बंदुकीचा आवाज कानात
सोमवारपर्यंत राहिला.
मी खाल्लं. चव आठवत नाही, तिखट आठवतं.
गुन्हा होता, तेव्हाही होता.
लाडक्या आता नाही, बंदूक त्याच्याही आधी गेली.
माझं नाव लिहून घ्या हवं तर.

उतरताना बोल्ट उपसत यायचं,
म्हणजे गार्डला दिसत नाही, दुसरा कुणी चढत नाही.
भोकांना चिखल, वरून सालीचा चुरा.
पिशवीत खणखणत तेरा आले.
खालून तिसरा निघेना.
फिरवला, हलवला, पक्कड आणली नव्हती.
"राहू दे," म्हणाला, "भाडं त्याचं."

कंपनी अठ्ठ्याण्णवला बंद पडली.
तिथे आता काचेची इमारत आहे,
माझ्या लेथच्या जागी बहुतेक लिफ्ट.
किती जॉब काढले असतील मी,
कुठल्या पंपात, कुठल्या जहाजात गेले, गंजले,
एकही पुन्हा भेटला नाही.

परवा नातीच्या शाळेची सहल येऊरला.
गळ्यात दुर्बीण घातलेला एक पोरगा माहिती देत होता.
"हे बघा, झाडाने लोखंड गिळलंय.
माणसं किती निर्दय असतात."
मुलांनी माना हलवल्या.
मीही हलवली.

ऐन पुष्कळ जाड झालाय.
सालीने ओठ मिटत आणलेत,
बाहेर उरलंय अर्धं बोट, तेही तांबूस.
बाकीची तेरा भोकं मला सापडली नाहीत.

रांगेतून बाहेर येऊन अर्णवीने हात लावला.
"आबा, हे खरखरीत आहे."

असणारच.