चोकची तार

स्टिअरिंगच्या डावीकडे, राखदाणीच्या खाली
करंगळी जाईल एवढं भोक.
नागभीडच्या दातांच्या डॉक्टरांची ही फियाट
ते गेल्यावर मी घेतली, तेव्हा त्यात
कापसाचा बोळा कोंबलेला होता,
दवाखान्यातला,
अजून लवंगेच्या तेलाचा वास येणारा.

चैत्रात घेतली, म्हणून कळलं नाही.
आमच्याकडे उन्हाळ्यात कुठल्या इंजिनाला चोक लागतो?
बॉनेटवर पापड वाळतात.
कळलं पौषात.
धानाचे पुंजणे धुक्यात बसलेले,
बोडीच्या पाण्यावर वाफ,
आणि मी किल्ली फिरवतेय, फिरवतेय,
गाडी म्हाताऱ्या बकरीसारखी खोकते
आणि तोंड मिटून घेते.

झिंगरूजी नेवारे, सायकलवाले.
मोटारीचं काम करत नाहीत,
पण नाही म्हणणंही त्यांना जमत नाही.
बॉनेट उघडून बराच वेळ वाकून राहिले,
विहिरीत लोटा पडल्यावर वाकतात तसे.
"तारच नाही जी, बाई.
तुटली नाही. काढली हाय कोणंतरी.
हा स्क्रू पाहा, कसा जागच्या जागी कसून ठेवला."

डॉक्टरीणबाईंना फोन केला.
तार कुठे ठेवली असेल का, एखाद्या डब्यात, माळ्यावर?
त्या जरा थांबल्या.
"होती ना तार. अडकायची सारखी.
मग यांनी काढूनच टाकली.
मी उभी राहायची समोर,
हवेचा डबा काढून, कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात ठेवून.
हे आतून सेल्फ मारायचे
आणि ओरडायचे, सोड!
की मी सोडायची.
अकरा हिवाळे.
हात कितीही धुवा,
सकाळच्या चहाच्या कपाला पेट्रोलचा वास."
आणि मग,
"तुमच्याकडे आहे का कोणी, हात ठेवायला?"
मी म्हटलं, तार घालून घेते.

पहिली तार लुनाची, भंगारातली.
ओढली, आली.
लोटली, तर आतल्या आत दुमडून बसली.
झडप मिटली ती मिटलीच,
गाडी काळा धूर ओकत
कोंबड्या उधळत गेली सोसायटीच्या गोदामापर्यंत
आणि तिथे मेली.
आम्ही ढकलत आणली.
"पिळाची तार हाय ना जी," झिंगरूजी म्हणाले,
"ओढून आनता येते, वापस लोटता येत नाही.
आमच्या जावयावानी."

लोटायला एकेरी तार हवी,
ताठ, आणि तरी वळणारी.
ती नागपुरात मिळाली असती.
झिंगरूजींनी भिंतीवरचा फाटका टायर उतरवला.
सायकलच्या टायराच्या काठात असते एक तार,
पन्नास वर्षं टायर विकत आणतेय, मला माहीत नव्हतं.
नातू अंकुश माचिस घेऊन धावला.
"जाळू नोको रे पोट्ट्या!
जाळली का तार मरते."
आणि ते ब्लेड घेऊन बसले उन्हात,
रबर सोलत, वीतभर, आणखी वीतभर,
जसं कोणी आजारी माणसासाठी मोसंबी सोलतं.

मी बाजूला बसून शेंगा फोडल्या.
त्यांनी एकदा विचारलं, बाई, एकटीनं कुठं जाता गाडी घेऊन?
मी म्हटलं, जाते.
पुन्हा विचारलं नाही.

म्यान सायकलच्या ब्रेकची.
गुंडी माझ्या शिलाई मशीनच्या खणाची, पितळी,
भोकाला जरा मोठी, म्हणून खाली वायसर.
कापसाचा बोळा मी फेकला नाही,
राखदाणीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सहाला
गुंडी ओढली. किल्ली फिरवली.
खोकली, थांबली, आणि लागली.
काचेवर दव, वायपर चालू केला नाही.
दोन मिनिटं बसून राहिले
तिच्या थरथरीवर मांड्या टेकवून.
मग गुंडी आत लोटताना
तोंडातून आपोआप निघालं, सोड.

समोर कोणी नव्हतं.
तार गेली आत, सरळ, न दुमडता.

रस्त्यावरून झिंगरूजी ओरडत होते,
सायकलवरून एक पाय टेकवून,
तेल टाकत जाजा जी महिन्यातून एक थेंब,
एकच,
जास्त टाकलं तर धूळ धरते.