धग

पानाला चार रुपये, जर्मनमधून मराठीत.
साल चौऱ्याहत्तर. बेहेरे इंजिनिअर भोसरीहून स्कूटरवर येत,
डिकीत यूलिशच्या अणुभट्टीचे अहवाल,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
मी एरंडवण्यात, तीन प्रतींसाठी कार्बन पेपर घालून
टाइप करायची; रात्री बोटं धुतली तरी काळी.
"ग्रॅफाइटचं भावंडच ते," बेहेरे म्हणत.

हेलियम सोपा गेला.
कुणाच्या अध्यात ना मध्यात,
साडेनऊशे अंशांपर्यंत तापूनही
कुणाशी नातं न जोडता बाहेर पडणारा.

अडलं ते इंधनाच्या दाण्यापाशी.
खसखशीएवढं युरेनियम, त्यावर कार्बनचा लेप,
मग सिलिकॉन कार्बाइड, पुन्हा कार्बन,
तापल्या नळकांड्यात, वाऱ्यावर नाचवत चढवलेले.
तीन दिवस शब्द नाही.
संक्रांत जवळ आलेली. शेजारी कुमुद आगाशे
परातीत तीळ घेऊन, मंद आचेवर,
पाक थेंबाथेंबानं, बोटांनी फिरवत, फिरवत…
मी तशीच घरी येऊन टाइप केलं: हलवा.
खाली तळटीप: काटा न आलेला.
बेहेऱ्यांनी तळटीप खोडली.
हलवा ठेवला.

पुढे पोस्टकार्डं यायची, तिरप्या अक्षरात.
"इंग्लंडातला ड्रॅगन निजवला."
"कोलोरॅडोत बेअरिंगमधून पाणी शिरलं. पुन्हा."
"थोरली जर्मन भट्टी चार वर्षांत आटोपली."
यूलिशचं त्यांनी कळवलं नाही.
ते मीच वाचलं, कुणी न सांगता, फुकट:
ताप मोजायला भट्टीत सोडलेल्या कित्येक गोळ्यांत
शेवटची तारसुद्धा वितळलेली.
आत किती तापलंय
हे इतकी वर्षं कुणालाच नीट माहीत नव्हतं.

आता चीनमध्ये एक चालते म्हणे. भाचा सांगतो,
गोळे वरून सोडतात, खालून काढतात, पुन्हा वर.
बेहेरे असते तर स्कूटर काढली असती.
शेवटच्या अकरा पानांचे चव्वेचाळीस रुपये
राहिले ते राहिलेच.

आणि एक वाद राहिला.
यूलिशच्या लोकांनी एकदा मुद्दाम पंखे बंद केले,
दांडे आत जाऊ दिले नाहीत, नि बघत बसले.
भट्टी आपसूक शांत झाली.
पण शांत झाल्यावरही आत जे उरतं, दिवसचे दिवस,
त्याला जर्मनमध्ये म्हणतात, नंतरची ऊब.
बेहेऱ्यांच्या प्रतीत आहे: अवशिष्ट उष्णता.
माझ्याकडच्या तिसऱ्या, सगळ्यात पुसट प्रतीत
ते शब्द खोडून पेन्सिलीनं लिहिलंय:
धग.