पांढऱ्याचं वय

ऐरोलीच्या वाचनालयातून आणलेलं पुस्तक,
पाठीला चिकटपट्टी, आत कुणाच्या तरी चहाचा डाग.
नॉर्वेतला खून, इंग्रजीवरून मराठीत आलेला,
म्हणजे प्रेत दोनदा हद्द ओलांडून पोचलेलं
सेक्टर आठमधल्या माझ्या पंख्याखाली.

बर्गेन नावाचं शहर. कलादालनाचा मालक
बर्फाच्या चित्रासमोर पालथा पडलेला.
चित्र म्हणे अठराशे ब्याऐंशीचं, किंमत अशी
की शून्यं मोजताना माझा चष्मा घसरला.
तपासाला बाई आहे, राग्नहिल्ड.
नावातच राग, पण आवाज कधी चढवत नाही.
रात्री उकडलेले बटाटे खाते, ओट्यापाशी, उभ्याने.
मला आवडली.

चाळिसाव्या पानावर लिहिलंय:
‘चित्रातला बर्फ इतका शुभ्र की डोळे दिपावेत.’
मी तिथंच बोट घालून पुस्तक मिटलं.
बाई, चित्र खोटं आहे.
त्या काळातला पांढरा असा नसतो.
शिशाचा असेल तर जरा उबदार, सायीच्या अंगाचा,
जस्ताचा असेल तर थंड, निळसर, ठिसूळ.
डोळे दिपवतो तो टायटॅनियमचा,
आणि त्याला बाजारात यायला अजून चाळीसेक वर्षं होती.
एकतीस वर्षं मी रबाळ्याला तोच तपासला,
पोत्यापोत्यातून चमचाभर, काचेवर तेलात घोटून.

राग्नहिल्डला हे कळायला दोनशे बारावं पान लागलं.
मी मोठ्या तोऱ्यात स्वयंपाकघरात सांगायला गेलो.
मंदाकिनी म्हणाली, मग आता वाचता कशाला?

पण खुनी सापडतो तो पावलांवरून.
मागच्या अंगणात रात्रभर बर्फ भुरभुरलेला,
त्यात बुटांचे ठसे, डावा पाय किंचित फरफटलेला.
राग्नहिल्ड दोरी बांधते, गुडघ्यांवर बसते,
तोंडातून वाफ निघते तिच्या, आणि ती म्हणते,
‘झाडू नका. इथलं काहीही झाडू नका.’

हे वाक्य मी तीनदा वाचलं.

ब्याण्णव साल, रात्रपाळी.
हसुराम मढवी, राहणार गोठिवली,
ज्याच्या बापाच्या खाचरावर आमची भट्टी उभी होती,
पॅकिंगच्या मजल्यावरून खाली हॉपरवर पडला.
वर पावडर साचलेली, बोटभर.
कठड्याच्या तुटक्या जागेपर्यंत गेलेली
त्याची अनवाणी पावलं, बोटं फाकलेली,
आणि शेजारी एक जोडी बुटांची,
परत फिरलेली.
तळव्याला चौकड्यांची नक्षी.
असे बूट कंपनीने आम्हा अकराजणांना दिले होते.
मी बॅटरीच्या उजेडात पाहिलं. नीट पाहिलं.
मॅनेजर म्हणाले, निसरडं आहे, पोलीस यायच्या आत साफ करून घ्या,
आणखी कुणी पडायला नको.
काळजीच्या आवाजात म्हणाले.
झाडू मीच मागवला.

पंचनाम्यात दोन ओळी आल्या:
पाय घसरून. कोणावरही संशय नाही.
खाली सह्या, तिसरी माझी, तेव्हा मी ‘ळ’ला शेपूट काढायचो.
हसुरामची बायको फाटकाशी उभी होती.
त्याचे कपडे पिशवीत घालून दिले,
तर तिने ते आधी झटकले, सवयीने,
आणि तिथल्या तिथे सगळी पांढरी झाली.

इकडे एका दालनवाल्यासाठी तीनशे ऐंशी पानं.

शिशाचा पांढरा काळवंडतो, त्याला वय असतं.
आमच्या मालाची जाहिरातच होती, पिवळा पडणार नाही.
तेहतीस वर्षं झाली. नाही पडला.

मुदत शुक्रवारी संपली. दंड दिवसाला एक रुपया.
पुस्तक टेबलावर आहे, दोनशे नव्वदाव्या पानावर उपडं,
खुनी अजून बर्गेनमध्ये मोकळा.
सकाळी कामवाली केरसुणी घेऊन या खोलीत आली.
म्हटलं, आज राहू दे.
ती दारातच थांबली, माझ्या पायांकडे बघत.