शेवटचं भाडं

शनिवारी सदरच्या चौकात
साडेबारानंतर माणसं बारमधून बाहेर पडत नाहीत,
सांडतात.

कुणी माझ्या ऑटोच्या टपाला बायको समजून माफी मागतो,
कुणी आरशातल्या स्वतःलाच दरडावतो,
"काहून पाहून राह्यला बे?"
मागल्या खेपेस एका वकिलानं दुभाजकावर उभं राहून
एका म्हशीला वन-वेचा कायदा समजावला. म्हशीनं ऐकून घेतलं.
कॉलेजची पोरं आधी ओकतात, मग फोटो काढतात,
मग ज्याच्या खांद्यावर रडतात त्याच्याच कानफटात देतात.
मी सीटखाली संत्र्याच्या साली ठेवतो, वासावर वास म्हणून,
आणि एक फुटकी बादली.
बादलीचे वीस रुपये वेगळे.

इस्तारी नखाते भांडत नाही.
बर्डीवर कपड्याच्या दुकानात दिवसभर लिफ्ट वर-खाली करतो,
पगार झाला की त्या शनिवारी पितो,
आणि चपला हातात घेऊन ऑटोत बसतो,
कुणाच्या सारवलेल्या ओसरीवर बसावं तसा.
"घे. पिंपळडोहले घे."

कुहीच्या पुढं आहे म्हणे, वैनगंगेच्या काठी.
मी हो म्हणतो आणि वाठोड्याला त्याच्या खोलीवर सोडतो.
तेवढ्या रस्त्यात तो मला गाव सांगतो:
दुपारी इतकं निवांत,
की धानाच्या बांधीत बगळा उतरला तर कानाला कळे.
शेळी शिंकली तर चार घरं विचारत, कोणाची रे?

"तिथं पेत नव्हते का कोणी?"
"पेत होते ना. मोहाची. पण पेऊन माणूस गुपचूप निजे.
बोंबललं तरी आयकणार कोण, नदी?"

खरं सांगतो, मला त्या गावाचं व्यसन लागलं.
माझ्या घराखाली डीजेवाल्याचं गोदाम,
वर मालकाचा पोरगा आणि त्याचे वाढदिवस.
चंद्रकला कानात कापूस घालून झोपते,
हाक मारली तर बघत नाही, हात लावावा लागतो.
मी मनात दोन खोल्या बांधल्या पिंपळडोहला,
एक खाट, एक शेळी.
शेळी शिंकणारी.

मग एका रविवारी रिकामा ऑटो घेऊन निघालो.
कुही मागं पडली, दुकानं संपली, बाभळी विरळ झाल्या,
डांबरी रस्ता उतरत गेला
आणि सरळ पाण्यात शिरला.
पांढरी रेघ थोडी आतपर्यंत दिसत होती.
मग नाही.

काठावर एक डोंगेवाला जाळं निवडत होता.
"पिंपळडोह? हे काय, इथंच.
धरणाचं पाणी चढलं त्याले लय वर्सं झाले.
भर उन्हाळ्यात शाळेचा हापसा निघते वर.
कोणी कोणी येते, हापसून पाह्यते."

मी इंजिन बंद केलं.
कानात सदर वाजत राहिलं बराच वेळ,
शिव्या, हॉर्न, फुटलेल्या बाटलीचा तो एक आवाज.
मग तेही बुडालं.
पलीकडं बगळा उतरला.
कळलं.

पुढच्या पगाराला तो आला, चपला हातात.
चौकात दोघं जण एका हेल्मेटवरून रक्त काढत होते.
"घे," म्हणाला, "पिंपळडोहले घे."
मी किक मारली नाही.
"हापसा निघते म्हणे उन्हाळ्यात," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं,
न पिलेल्या माणसासारखं.
मग चपला खाली ठेवल्या, नीट, जोडीनं.

"निघते. जोरानं हापसा लागते.
पहिलं गढूळ येते,
ते सोडून द्याचं."