आखाजीच्या आदल्या दिवशीचा हिशोब

केळी पिकवायच्या खोलीत आता मातीची भांडी सुकतात.
भिंतीत थर्माकोल, दाराला रबराची पट्टी,
कोपऱ्यात अजून तोच वास,
पिवळं होऊ घातलेल्या घडांचा.
बाहेर सावद्यात पंचेचाळीस अंश.
आत एक कप आठ-आठ दिवस घेतो सुकायला.
घेऊ द्या, कौतिकबाई म्हणतात,
मातीले घाई खपत नाही व माय.

वीस लिटरचे जार आले
तेव्हा त्यांच्या घरचं चाक भिंतीला टेकलं.
आता मंगळवारी नि शनिवारी अकरा जणांना शिकवतात,
महिना तीनशे, माती वेगळी.
वायरमन फेगडे निवृत्त झाले तरी
आधी मोटारीला कान लावतात, मग चिखलाला हात.
बँकेतल्या बोंडे मॅडमचा मग चांगला,
कान मात्र दर वेळी भट्टीत गळून पडतो.
जुलेखा तडवी फक्त झाकणं करते.
भांडं?
बघू नंतर, म्हणते.
फळीवर तिची सात झाकणं आहेत, भांड्यांवाचून,
आणि तीच सगळ्यात आधी विकली जातात.

घड कापल्यावर बांधावर टाकलेले केळीचे खांब
आम्ही वाळवतो, जाळतो, राख वस्त्रगाळ करतो.
भट्टीतून ती शेवाळी होऊन येते कपांवर,
कधी नुसतीच चिखलाच्या रंगाची.
पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, झिलई कुठल्या कंपनीची?
फेगडे म्हणाले, रावेर लाइनीची.

मी वही सांभाळते.
पाचातला रुपया खोलीला, चार करणाऱ्याला.
वस्तू, किंमत, करणाऱ्याचं नाव.
दोन वर्षांत त्या शेवटच्या रकान्यात
माझं नाव लिहायची वेळ आली नव्हती.

चैत्र सरता सरता कौतिकबाई म्हणाल्या, कप ठेवा बाजूला.
मग थापी नि गुंडा घेऊन सगळे घागरी ठोकत बसलो,
आतून गुंड्याचा हात, बाहेरून थापीचा,
दोन्ही हातांना एकमेकांचं ऐकू यायला हवं.
माझ्या हातांचं जुळलं नाही.
शेजारच्या घरातलं भांडण ऐकायला
कुणी मान कलती करावी, तशी झाली माझी घागर.
मागच्या पडीत, गोवऱ्या नि पऱ्हाट्यांच्या आव्यात
ती फुटेल असं वाटलं होतं.
नाही फुटली.
मी तिला खालच्या फळीवर, पोत्याआड ठेवली.
नव्वद लिहिले, खोडून साठ केले.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत फळ्या रिकाम्या.
चारच्या सुमारास एक जण लुनावर आला,
मागे केळीचं रिकामं क्रेट.
घागर?
संपल्या.
आणि हे काय?
वाकडी आहे ती, म्हटलं. शिवाय जास्तच पाझरते.
त्यानं बोटाच्या पेरानं वाजवली, कान लावला,
दोन्ही हातांत धरून जरा लांबून पाहिली.
बापाची पहिली आखाजी हाये, म्हणाला.
लकव्यानं मान अशीच झाली होती त्याची.
बरोबर वळखीन.

मग म्हणाला, साठ नाही, पन्नास घ्या.

घेतले.
ट्यूबच्या रबरानं त्यानं ती क्रेटला आवळली,
आणि फैजपूर रोडच्या फुफाट्यात
ती कलती मान हलत हलत गेली.

पन्नास. दहा खोलीला.
चाळीस...
पेन तिथेच थांबलं.
कौतिकबाई बादलीत हात धूत होत्या, वर न बघता म्हणाल्या,
लिही ना.
ती पाझरते हो, मी म्हटलं,
उद्या पाटाखाली सगळं पाणी होईल त्यांच्या.
मंग? पाझरली नाही तर गार कशी होईन?

मी लिहिलं. अक्षर जरा कलतंच आलं.

जुलेखा कुलूप घेऊन दारात उभी होती.
तोंड केवढं होतं तिचं?
मी बोटं फाकवून दाखवली, एवढं.
तिनं तिथेच माझ्या बोटांमधलं अंतर
आपल्या ओढणीच्या काठानं मोजून घेतलं,
आणि गाठ मारली.